डावखुऱ्याचा ढोल

धुक्याचा अकरावा दिवस होता आणि अंगणातल्या चौकटींवर ताणलेली चार कातडी अजून ओलीच होती. ढोलवाला रोज सकाळी चूळ भरायच्या आधी चारही कातड्यांना हात लावून यायचा, आणि तोच ओला हात विजारीला पुसत परत यायचा. तिसऱ्या चौकटीला तर आता वास सुटला होता.

"हात लावून वाळत असती तर मी झोपलेच नसते, रात्रभर लावला असता," त्याची आत्या म्हणायची. आत्याला दिसायचं कमी, ऐकू यायचं त्याहून कमी, पण तोंड शाबूत होतं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये चुन्याच्या पाण्याच्या दोन टाक्या, कातडं टाकायचा गुळगुळीत झालेला ओंडका, दोरीची वेटोळी, खुंटीला लोखंडी कडी. कामाची वाटणी लग्नापासूनची होती. कातडं विकत आणायचं, कड्यावर चढवायचं, दोऱ्या ताणायच्या, हे ढोलवाल्याचं काम. टाकीत भिजत घालायचं आणि काठीनं हलवायचं, हे आत्याचं. आणि चुन्यातून निघालेलं कातडं ओंडक्यावर पसरून दोन मुठींच्या सुरीनं खरवडायचं, हे बायकोचं. ढोल बाहेर गेला की नाव ढोलवाल्याचं व्हायचं, पण आवाज खरवडण्यात असतो हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मधे पातळ, कडेला जाड, आणि मधल्या मधे कुठे खड्डा नको, उंचवटा नको. बायको कातडं चिमटीत धरून इंचाइंचानं सरकवायची आणि जिथे जाड लागेल तिथेच सुरी टेकवायची. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं होतं.

त्या सकाळी बँडमास्तर आले. त्यांचा दहा ढोलांचा ताफा होता आणि दहाही ढोल ह्याच घरी मढवले जायचे. मास्तरांनी पिशवीतून दोन गोल चकत्या काढून ओंडक्यावर ठेवल्या.

"हे बघा कारागीर. प्लास्टिकचं पान. दुकानदारानं नमुन्याला दिलंय."

ढोलाच्या तोंडावर जे ताणतात त्याला पान म्हणतात, मग ते कशाचंही असो. हे पान पिवळसर होतं, हाताला मऊ होतं, त्यावर कातड्यावर असतात तसे डाग छापलेले होते आणि मधून एक फिकट रेघ गेली होती, जनावराच्या पाठीच्या कण्याची असते तशी.

"पाठीचा कणासुद्धा काढलाय की!" ढोलवाला म्हणाला.

"कुणाच्या पाठीचा?" आत्यानं विचारलं.

"कारखान्याच्या," मास्तर म्हणाले. मग ते कामाचं बोलू लागले. आठ दिवसांत दहाही ढोल नव्यानं मढवून हवे होते. "कातडं लावा नाहीतर हे लावा. पण दहाही एकसारखे हवेत. चार असे, सहा तसे, हे मला चालणार नाही. चौथ्या दिवशी येतो, काय ठरलं ते सांगा."

"पण तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं एवढंच, की गेल्या वर्षीसारखं वाजवता वाजवता फाटायला नको. हजार माणसं हसली, कारागीर. अजून कानात आहे."

"ते तुमच्या डावखुऱ्यानं शेकताना जाळलं," ढोलवाला घाईनं म्हणाला. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवणारे ते जाळाजवळ धरून शेकतात. जास्त जवळ धरलं तर ते करपतं.

"म्हणून तर काढला त्याला. प्लास्टिकला शेकायला नको, जपायला नको." मास्तर थांबले. "पण हेही सांगतो. हे पान एकदा लावलं की चार-पाच वर्षं बघायला नको, आणि बदलायचं झालं तर माझी माणसंच बदलतील. तुमच्याकडे येणं होणार नाही. म्हणून तर तुमच्यावर सोडलंय."

मास्तर गेले. त्यांना वाटलं आपण फार मोठेपणा दाखवला. ढोलवाला मात्र त्या दोन चकत्यांकडे बघत ओंडक्यावर बसून राहिला. स्वतःच्या धंद्यावर स्वतःच पाणी सोडायचं का नाही, हे असं चार दिवसांत ठरवायला सांगणारा माणूस भला म्हणायचा की लबाड, हेच त्याला कळेना.

डावखुऱ्याचं नाव निघालं तशी बायको शेडच्या दारातून आत गेली होती. ते पान शेकताना जळलं नव्हतं, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं चुलीवरचं गरम झाकण उचललं होतं आणि कातडी जळल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं की आपली बोटं भाजताहेत. चुन्यानं तिच्या हातांना भेगा पडायच्या, नखं झिजायची, ते नेहमीचंच होतं. पण आता बोटांच्या टोकांना काही लागेनासंच झालं होतं. ती कुणाला बोलली नाही. उन्हाच्या दिवसांत ती कातडं वर धरून उजेडात बघायची. पातळ तिथून जास्त उजेड यायचा. तसं निभत होतं. गेल्या वर्षी मात्र असाच धुक्याचा पंधरवडा आला, उजेडच नव्हता, आणि एक पान तिनं अंदाजानं खरवडलं. तेच डावखुऱ्याच्या ढोलाला लागलं आणि भर कार्यक्रमात फाटलं. मास्तर तावातावानं घरी आले तेव्हा ढोलवाल्यानं चारचौघांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "आमच्या घरचं पान असं फाटत नाही. ह्यानं शेकताना जाळलं." डावखुरा बाजूलाच उभा होता. बायकोही उभी होती. ती गप्प राहिली. डावखुऱ्याला ताफ्यातून काढलं, आणि तेव्हापासून तो लाकडाच्या वखारीत फळ्या वाहत होता.

म्हणून आता प्रश्न कातडं की प्लास्टिक एवढाच नव्हता. प्लास्टिक लावलं तर तिच्या बोटांचं कुणाला कधीच कळलं नसतं, फाटलेलं पानही विसरलं गेलं असतं, पण सव्वीस वर्षांचं काम हातचं गेलं असतं. कातडं लावलं तर काम राहिलं असतं आणि पुढच्या खेपेला आणखी कुणाचा तरी ढोल फाटला असता. रात्रीपर्यंत तिनं दहा वेळा एक ठरवलं आणि दहा वेळा दुसरं.

ढोलवाल्याचा गोंधळ मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. भेटेल त्याला तो विचारत सुटला. चहावाला म्हणाला, प्लास्टिक. न्हावी म्हणाला, कातडं, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून कारणं सांगत बसला. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "कुठलं जनावर हे प्लास्टिक?" दुसऱ्या दिवशी त्यानं एक चकती कड्यावर चढवली, दोऱ्या ताणल्या आणि टोला दिला. आवाज खणखणीत आला. पुन्हा दिला, पुन्हा तसाच. आवाज वाईट असता तर त्याचं काम सोपं झालं असतं. आवाज चांगला होता आणि तो आपल्याला आवडला, ह्याची त्याला लाज वाटली.

"कसा वाटतो?" त्यानं बायकोला विचारलं.

"चांगला आहे."

"म्हणजे हेच लावू म्हणतेस?"

"मी कुठे म्हणाले?"

"मग कातडं?"

"तेही नाही म्हणाले."

"अगं, काहीतरी एक म्हण ना!"

"तुम्ही कारागीर ना? मग तुम्ही म्हणा." असं बोलून ती पाण्याला गेली.

नळावर डावखुरा भेटला. वखारीतून आला होता, केसांत भुसा, खांद्याला गोणपाटाची चिंधी बांधलेली. त्यानं आपली बादली बाजूला सारून तिची घागर आधी लावली.

"कातडी वाळली का, वहिनी?"

"कुठली वाळताहेत, भाऊजी. हवा बघा की."

"हवा वाईटच," तो म्हणाला. त्यानं भरलेली घागर उचलून तिच्या कमरेवर दिली. घरी येताना तिला वाटेत दोनदा घागर खाली ठेवावी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं शेडमधलं काम उरकलं. ओंडक्यावर एक गोल, पिवळसर चकती पडलेली तिला दिसली. जन्मभर ओंडक्यावर जे पडलेलं दिसलं ते तिनं टाकीत सोडलं होतं. तिनं हीदेखील चकती चुन्याच्या पाण्यात सोडली, काठीनं खाली दाबली आणि हात धुऊन निजायला गेली. कुणी विचारलं असतं तर तिनं अभिमानानं सांगितलं असतं की आज एक जास्त घातलंय.

संध्याकाळच्या आत एक कातडं तरी खरवडून ठेवावं म्हणून बायको शेडमध्ये आली. धुकं पत्र्यापर्यंत उतरलं होतं. तिनं टाकीत हात घालून हाताला आलं ते वर ओढलं, ओंडक्यावर टाकलं, पोटानं दाबून धरलं आणि सुरी चालवली. सगळं पांढऱ्या चुन्यानं माखलेलं होतं. सुरी सरसर घसरत होती. तिला वाटलं, हे जास्त मुरलंय, बेतानं घ्यायला हवं. तिनं सुरीचा कोन बदलला, डावीकडून उजवीकडे गेली, मग थांबून सवयीप्रमाणे चिमटीत धरून सरकवत पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खरवडू लागली.

ढोलवाला दोरी न्यायला आला होता. तो दारातच थबकला.

"काय करतेस?"

"दिसत नाही? खरवडतेय."

"अगं, ते प्लास्टिक आहे."

ती हसली. न्हाव्याकडून आणखी काहीतरी नवं ऐकून आलाय असं तिला वाटलं. मग तिनं खाली पाहिलं. सुरीनं चुना निघाला होता तिथे छापलेले डाग जसेच्या तसे दिसत होते, कण्याची रेघसुद्धा.

ढोलवाला पुढे आला. त्यानं तिच्या हातातून सुरी काढून घेतली, तिचा हात बादलीत बुडवून धुतला आणि तिचं अंगठ्याशेजारचं बोट स्वतःच्या दोन बोटांत धरलं.

"तिकडे बघ. लागतंय का?"

"लागतंय."

"मी अजून दाबलंच नाही."

तिनं हात ओढून घेतला नाही. तोंड फिरवलेलं होतं ते तसंच ठेवलं. त्यानं मग खरंच दाबलं, नख रुतवलं, दुसरं बोट, तिसरं. तिचं बोट हललंसुद्धा नाही. बाहेर आत्या खोकत होती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

तो हिशेब करत होता हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं. "म्हणजे डावखुऱ्याचा ढोल..."

"हो."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही तिथे उभे राहून सगळ्यांना सांगत होतात, आमच्या घरचं पान फाटत नाही म्हणून. मी काय बोलणार होते, अहो? फाटतं म्हणून?"

त्याला राग आला होता, पण कुणावर काढावा ते समजेना. त्यानं काठी उचलली, चुन्याची टाकी उगाच ढवळली आणि काठी ठेवून दिली. "दवाखान्यात जायला काय झालं होतं?" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "भाजलं वगैरे नाही ना कधी?" हे त्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिला रडू आलं, आणि ओले हात कुठे पुसावेत ते न कळून तिनं ते त्याच्याच सदऱ्याला पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोलवाला हट्टानं ओंडक्याशी उभा राहिला. "मी खरवडतो. तू सांग."

"चिमटीत धरा. काय लागतंय?"

"लागतंय काहीतरी."

"काहीतरी म्हणजे? कानाच्या पाळीसारखं की तळहातासारखं?"

त्यानं आधी स्वतःच्या कानाची पाळी चाचपली, मग कातडं, मग पुन्हा कान. त्याचा कान चुन्यानं पांढरा झाला. "पाळीसारखं. नाही, थांब. जाडच आहे. का पाळीसारखंच?"

"खाली सरका. आता?"

"आता मघाचं आठवत नाही."

तिला काय लागायला हवं ते माहीत होतं आणि लागत नव्हतं. त्याला सगळं लागत होतं आणि ते काय आहे ते कळत नव्हतं. दोघं मिळून दुपारपर्यंत एका कातड्याशी झटले. त्याच्या कमरेत उसण भरली. शेवटी सुरी जरा जास्त दाबली गेली आणि कातड्याला आरपार भोक पडलं. त्या भोकातून त्यानं तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही हसू आलं, आणि हसण्यासारखं काहीच नव्हतं.

"प्लास्टिक लावू," तो खाली बसून म्हणाला. "त्याला कुणाची बोटं लागत नाहीत. मास्तरांना सांगू, हवेचा भरवसा नाही. तुझं कुणाला कळायला नको, माझं कुणाला कळायला नको. झालं ते झालं."

"आणि मी काय करू?"

"आराम कर."

"मी काय पाहुणी आहे?"

"मग दोऱ्या ताण माझ्याबरोबर. दोरीला बोटं लागत नाहीत, अंग लागतं." हे मात्र तो मनापासून म्हणाला. ती हो म्हणाली. तिला हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं मास्तर येईपर्यंत टिकलं.

मास्तर चार वाजता आले. आत्यानं चहा केला. ढोलवाल्यानं घसा साफ केला.

"प्लास्टिकच लावू, मास्तर. कातडं चांगलंच, पण ही अशी हवा. गेल्या वर्षी काय झालं ते तुम्ही बघितलंत. हवा खराब, त्यात तो डावखुरा बेपर्वा, आणि..."

तो एवढं बोलला नसता तरी चाललं असतं. हवेवर थांबला असता तर बायको कदाचित गप्प राहिलीही असती.

"ते जळलं नव्हतं," ती म्हणाली.

"तू आत जा," ढोलवाला म्हणाला.

"ते मी जास्त खरवडलं होतं, मास्तर. माझ्या बोटांना कळत नाही. दोन वर्षं झाली. डावखुऱ्यानं काही केलं नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं."

तिनं हात पुढे केले, बघा म्हणून. मास्तरांनी हातांकडे पाहिलं आणि चटकन नजर बशीत नेली. ढोलवाल्याची मान खाली गेली. आत्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, "कुणी वारलं का?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "वहिनी," मास्तर म्हणाले, "मी त्याला सगळ्यांच्या देखत काढला. नाही नाही ते बोललो. आता कुठल्या तोंडानं बोलवू? शिवाय त्याच्या जागी दुसरा घेतलाय, तो चांगला वाजवतो. त्याला काय सांगून काढू?"

"ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," मास्तर म्हणाले, आणि हे त्यांनी खरं सांगितलं. ते उठले. अर्धा चहा तसाच होता. "प्लास्टिक लावा. दहाही."

फाटकापर्यंत त्यांना सोडून ढोलवाला परत आला. "झालं समाधान?" त्यानं विचारलं. आवाजात राग होता आणि रागात दम नव्हता.

"नाही," ती म्हणाली. तिनं पायात चपला घातल्या.

वखार गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. करवत बंद झाली होती, माणसं शेवटची गाडी भरत होती. डावखुरा फळ्यांच्या चळतीशी बसून तळहातात घुसलेली काडी दातांनी काढत होता. तिला बघून तो उभा राहिला.

"वहिनी? तुम्ही इकडे?"

रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "तुमचं पान मी बिघडवलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही जाळलं नव्हतं. माझ्या बोटांची जाण गेलीय. मी आता मास्तरांना सांगून आले. ते तुम्हाला परत घेतील असं वाटत नाही."

डावखुऱ्यानं तळहात विजारीला पुसला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पातळ होतं ते. फाटल्यावर मी हात फिरवला होता. फाटलं तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखं होतं, आणि करपल्याचा डाग कुठेच नव्हता. वाजवणाऱ्याला कळतं, वहिनी."

तिनं चळतीला हात टेकला. फळी खरखरीत होती की गुळगुळीत, ते तिला कळलं नाही. "मग बोलला का नाहीत? त्या दिवशी तिथेच का नाही बोललात?"

"माझं कोण ऐकणार होतं? ज्याला काढतात तो काहीतरी बोलतोच." त्यानं खांद्यावरची चिंधी नीट केली. "मला वाटलं, तुम्हाला तर कळलंच असेल. तुम्ही सांगाल. पहिले दोन महिने वखारीतून सुटल्यावर मी घर सोडून कुठे गेलोच नाही. म्हटलं, वहिनी यायच्या आणि मी घरी नसायचो."

गाडीवाल्यानं हाक मारली. डावखुरा "आलो" म्हणाला, वाकून दोन फळ्या खांद्यावर घेतल्या आणि गाडीकडे गेला.